खर्रा, दारू, सट्टा सोडायचा आहे? मग साक्ष सर्वांत शेवटी

३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटच्या उपासनेत पुढे जायचे, गुडघे टेकायचे, डोळे भरून येईपर्यंत प्रार्थना करायची, ‘उद्यापासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी) बंद’ असे सगळ्यांसमोर सांगायचे आणि संक्रांतीच्या आत पुन्हा पानठेल्यावर उभे राहायचे. सदरपासून मेकोसाबाग, मार्टिननगरपर्यंत नागपुरातल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, हा प्रकार नवा नाही. त्या माणसाचा पश्चात्ताप खराच असतो, पण त्याने शेवटची पायरी, म्हणजे सगळ्यांसमोरची साक्ष, पहिली घेतलेली असते. महिनाभराने तो उपासनेला येणे टाळू लागतो, कारण तोंडाचा वास आता फक्त बायकोला नाही, अख्ख्या मंडळीला कळणार असतो.

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरून आणलेल्या बाईला येशू काय म्हणतो, ते कोणत्या क्रमाने म्हणतो ते पाहा. आधी ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’, आणि त्यानंतर ‘जा, यापुढे पाप करू नको’ (योहान ८:११). आपल्या बहुतेक घरांत हे उलटे चालते. आधी सोडून दाखव, मग जवळ घेऊ. अशा घरात माणूस सोडायला शिकत नाही, लपवायला शिकतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. उदाहरणे मुख्यतः खर्ऱ्याची आहेत, कारण इकडे तो चर्चच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर मिळतो. दारू आणि सट्टा जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे. एक अपवाद मात्र आत्ताच लक्षात घ्या: रोज दारू पिणाऱ्याने टप्पा ३ वाचल्याशिवाय काहीही बंद करू नये.

## टप्पा १: आठवडाभर काही सोडू नका, फक्त लिहा

बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही काय, असे येशू विचारतो (लूक १४:२८). सोडणारे बहुतेक जण हा हिशेब टाळतात, कारण आकडा बघायची भीती वाटते.

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपा: वाजले किती, जागा कोणती, सोबत कोण, आणि त्याच्या लगेच आधी काय झाले. ‘साहेब बोलले’, ‘चहा प्यालो’, ‘सिग्नलला उभा होतो’ एवढे पुरे. पुडी दोघांत वाटून घेतली तर अर्धी लिहा. पाप-पुण्याचा रकाना करू नका, शेरेही मारू नका. रिकामी पन्नी फेकू नका, खिशात ठेवा. रात्री मोजल्या की वहीतला आकडा खरा आहे की नाही ते लगेच कळते.

पैशांचाही हिशेब मांडा. पुडी २० रुपयांची धरली आणि दिवसाला पाच लागत असतील, तर महिन्याचे ३,००० रुपये होतात. सट्टा खेळणाऱ्याने जिंकलेली रक्कम वेगळी लिहू नये. महिन्याला खात्यातून गेले किती आणि आले किती, एवढेच बँकेच्या स्टेटमेंटवरून उतरवावे. जिंकल्याची आठवण माणसाला फसवते, स्टेटमेंट फसवत नाही.

नेहमीची चूक: दिवसभराचे रात्री एकदम लिहिणे. त्यात निम्म्या पुड्या गळतात.

तपासा: आठवड्याच्या शेवटी तीन ठरलेल्या वेळा सापडल्या पाहिजेत. बहुतेकांच्या वहीत सकाळी संडासला जायच्या आधीची एक, चहानंतरची एक आणि जेवणानंतरची एक निघते. पहिली पुडी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर निकोटीनवर चांगलेच अवलंबून आहे. मग नुसत्या निश्चयावर निघू नका, टप्पा ३ नीट वाचा.

## टप्पा २: एका माणसाला सांगा, पण माणूस पारखून

याकोबाच्या पत्रात पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल असे आहे (५:१६). याचा अर्थ सगळ्यांजवळ कबूल करा असा काढला जातो आणि तिथेच घोळ होतो.

कबुली कोणाजवळ द्यायची याचा विचार, पैसे घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची गोष्ट वाचताना करावा. त्याने पैसे परत नेले आणि ‘मी पाप केले’ असे स्पष्ट शब्दांत सांगितलेही. पण ते ज्यांच्यापुढे सांगितले त्यांचे उत्तर होते: आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा (मत्तय २७:४). पुढे त्याने गळफास घेतला. ‘मी येशूला ओळखत नाही’ हा पेत्राचा नकारही तितकाच गंभीर होता, पण त्याला परत घेणारा भेटला.

म्हणून माणूस निवडताना हे बघा. तो दुसऱ्याचे गुपित तुमच्याजवळ बोलत असेल तर तुमचेही दुसरीकडे बोलणार. पुरुषाने पुरुष निवडावा, स्त्रीने स्त्री निवडावी. तुमच्याकडून पैसे येणे असलेला, तुमच्या हाताखालचा किंवा तुमचा साहेब नको. पाळकच हवेत असे नाही. मंडळीतले निवृत्त रेल्वेवाले काका किंवा महिला मंडळातल्या शांत स्वभावाच्या मावशी कित्येकदा जास्त कामाच्या ठरतात, कारण त्यांच्याकडे वेळ असतो. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कारात फादरजवळ सांगितलेले बाहेर जात नाही, हा मोठा आधार आहे. पण रोज संध्याकाळी फोन करणारा माणूस त्याव्यतिरिक्तही लागतो.

जोडीदाराला सांगायचेच, पण त्याला किंवा तिला पहारेकरी करू नका. रोज खिसे तपासणारी बायको आणि रोज खिसे लपवणारा नवरा, यातून संसारही जातो आणि खर्राही सुटत नाही.

सांगताना फार लांबण लावू नका. ‘भाऊ, मी दिवसाला पाच पुड्या खातो. घरी दोन सांगितल्या आहेत. मला सोडायचा आहे. तुम्ही महिनाभर रोज रात्री नऊ वाजता मला फोन कराल का?’ वही पुढे ठेवा.

ऐकणाऱ्यासाठी: वचने सुनावू नका, तोंड वाकडे करू नका, स्वतःची गोष्ट लगेच सुरू करू नका. ऐका, सोबत छोटी प्रार्थना करा आणि फोनची वेळ पक्की करा. ‘एकमेकांची ओझी वाहा’ (गलतीकरांस ६:२) म्हणजे इथे रात्री नऊचा फोन न चुकवणे.

सावधान: ‘ब्रदर अमुक यांच्या व्यसनमुक्तीसाठी प्रार्थना करा’ असा मजकूर मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नका, टाकूही देऊ नका. ज्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय ती प्रार्थना-विनंती होत नाही, चर्चा होते. नाव न घेता ‘एका बंधूसाठी’ असे लिहिले तरी कोण ते मंडळीला ओळखू येते.

## टप्पा ३: डॉक्टरकडे जा, प्रार्थना करत जा

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनी माणसाने वाटेत लुटल्या गेलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचे पैसे दिले (लूक १०:३४-३५). त्या गोष्टीत त्याने प्रवचन केल्याचा उल्लेख नाही.

दारूबद्दल. रोज पिणाऱ्या माणसाने अचानक थांबवली तर जिवाला धोका होऊ शकतो. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, उतारा घेतल्याशिवाय चैन पडत नाही, अशी लक्षणे असतील तर घरी बंद करायचा प्रयोग नको. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, भास, ताप आणि प्रचंड थरथर सुरू होऊ शकते आणि वेळेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. डॉक्टर औषधे देऊन हे दिवस सुरक्षित पार करतात, जीवनसत्त्व बी-१ सुद्धा देतात. आधी कधी फिट आली असेल तर भरतीच व्हा.

इथे मंडळ्यांकडून होणारी सर्वांत धोक्याची चूक सांगतो. पिणाऱ्याला तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेला नेऊन बसवतात. दारू बंद, जेवण बंद, पाणीही जेमतेम, आणि बाहेर नागपूरचा मे महिना. दुसऱ्या रात्री तो काहीबाही बघू लागतो, ओरडतो आणि आजूबाजूचे लोक त्याला दुष्टात्मा समजून हात ठेवत बसतात. त्या क्षणी १०८ ला फोन करायचा असतो. उपवास करायचा असेल तर त्याच्यासाठी निरोग्यांनी करावा. त्याला जेवू घाला.

दुसरी चूक घरातून होते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, रिक्षांवर दिसतात आणि बिचाऱ्या बायका भाजीत पूड कालवून देतात. त्या पुडीत काय आहे ते कोणीच सांगत नाही. डायसल्फिराम हे औषध दारूसोबत पोटात गेले तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत जाऊ शकते. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. शिवाय फसवून दिलेल्या औषधाने घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

खर्ऱ्याबद्दल. आरशासमोर तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, गालाच्या आत पट्टे हाताला कडक लागत असतील, पांढरे किंवा लाल चट्टे असतील, किंवा पूर्वी सावजीचा रस्सा ओरपणाऱ्याला आता साधे वरणही झोंबत असेल, तर दंतवैद्याला दाखवा. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातले शासकीय दंत महाविद्यालय त्यासाठी आहे. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम लांबणीवर टाकू नका.

‘तंबाखू सोडला, आता फक्त सुपारी’ ही पळवाट बंद करा. सुपारीची स्वतःची सवय लागते आणि तोंड आखडते ते मुख्यतः तिच्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्ककारक ठरवले आहे.

निकोटीनचा गम वापरायचा असेल तर तो खर्ऱ्यासारखा चघळू नका. चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा. असे अर्धा तास करा. आधीची पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटीन नीट शोषले जात नाही. गम भराभर चावून रस गिळणाऱ्याला उचक्या आणि मळमळ होते, आणि मग ‘आपल्याला सूट होत नाही’ म्हणून पाकीट कपाटात जाते. तोंडच उघडत नसेल, हृदयाचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरला विचारूनच काय ते घ्या.

कुठे विचारायचे: मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या नावाला बिचकू नका. तंबाखू सोडण्यासाठी मोफत दूरध्वनी सल्ला १८००-११२-३५६ वर, दारू व इतर नशेसाठी १४४४६ वर आणि मन सैरभैर झाले असेल तर टेलिमानस १४४१६ वर मिळतो. एए अर्थात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका नागपुरातही होतात. त्या कोणत्याही एका धर्माच्या नाहीत, म्हणून ख्रिस्ती माणसाने जाऊ नये असे मुळीच नाही.

सावधान: मानसोपचाराची, फिटची, रक्तदाबाची किंवा साखरेची चालू औषधे ‘विश्वासाने’ बंद करू नका. कोणी व्यासपीठावरून तसे सांगत असेल तर त्याला विनम्रपणे नमस्कार करून घरी या आणि गोळी घ्या.

## टप्पा ४: घर, खिसा आणि रस्ता साफ करा

दिवस निवडा. गुड फ्रायडे, ३१ डिसेंबर, वाढदिवस असले भारलेले दिवस टाळा. घरात लग्न नाही, ऑडिट नाही, मिहानमधली रात्रपाळी नाही, असा साधा मंगळवार-बुधवार उत्तम. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) सुरू करायला हरकत नाही. मात्र ‘चाळीस दिवस पाळायचे’ असे मनात धरले तर ईस्टरच्या सकाळी पहिली पुडी उघडली जाते. पुष्कळांचे तसेच होते.

आदल्या संध्याकाळी त्या सोबत्याला घेऊन सगळ्या जागा उघडा: गाडीची डिक्की, शर्टाचे खिसे, ऑफिसचा ड्रॉवर, गादीखाली, पूजेच्या पुस्तकांच्या फळीमागेही. सापडलेले पाण्यात भिजवून फेका. कोरडे फेकलेले रात्री बारा वाजता परत उचलले जाते. ‘शेवटची एक’ असा सोहळा करू नका.

ठेल्यावर उधारी असेल तर ती सोबत्याच्या हातून फेडा. उधारीसाठी स्वतः गेलात तर पुडी घेऊनच परताल. ठेलेवाल्यावर राग काढू नका. त्याचेही पोट आहे. ‘दादा, मी बंद केला आहे, मागितला तरी देऊ नका’ एवढा निरोप पुरे, आणि महिनाभर रस्ता बदला, दोन चौक जास्त पडले तरी चालेल.

मिळणार नाही अशा जागी जाऊन सुटेल, या भरवशावर मात्र राहू नका. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे आणि पुडी मिळतेच आहे. दारू सोडायला शेजारच्या वर्ध्यात नातेवाइकांकडे जाऊन राहणारेही आहेत, कारण तो दारूबंदीचा जिल्हा. तिथे पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत कुठे मिळते ते त्यांना कळलेले असते.

सट्टा किंवा मोबाइलवरचे पैशांचे खेळ असतील तर अॅप काढून भागत नाही. पगाराचे खाते जोडीदारासोबत संयुक्त करा, फोनवरच्या यूपीआयची रोजची मर्यादा बँकेकडून कमी करून घ्या, क्रिकेटचे सामने काही महिने एकट्याने बघू नका.

मंडळीतल्या दोन गोष्टी कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. पहिली प्रभुभोजनाची. तुमच्या चर्चमध्ये प्याल्यात खरी वाइन असेल तर पाळकांशी आधी बोलून ठेवा. कित्येक मंडळ्या अल्कोहोल नसलेला द्राक्षरस वापरतात. नुसती भाकर घेतली तरी चालते, आणि कॅथलिक शिकवणीप्रमाणे भाकरीतच ख्रिस्त पूर्णपणे मिळतो. दुसरी नाताळची. घरी केलेली वाइन आणि रममध्ये महिनाभर मुरवलेल्या फळांचा केक ‘आपल्याच घरचा’ म्हणून पुढे येतो. यजमानाला आदल्या दिवशी फोन करून सांगा. ताटावर बसून नकार देणे अवघड जाते.

तपासा: उद्या सकाळी उठल्यावर हात लांबवला तर किती मिनिटांत पुडी मिळेल? उत्तर पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर हा टप्पा झालेला नाही.

## टप्पा ५: पहिले तीन आठवडे

निकोटीनची ओढ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. चिडचिड, डोके जड, झोप मोडणे, भूक वाढणे, कामात लक्ष न लागणे, हे सगळे होणारच. ‘पंधरा दिवस मी खेकसेन, मनावर घेऊ नका’ असे घरी आधीच सांगा, लेकरांनाही.

प्रत्येक ओढ काही मिनिटांत उतरते. तेवढ्या मिनिटांचे काम ठरवून ठेवा. जागेवरून उठा, पाण्याचा पेला सावकाश संपवा, आणि श्वासासोबत एकच ओळ म्हणा. यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्याची हाक त्यासाठी पुरेशी आहे: ‘हे येशू, माझ्यावर दया कर’. श्वास घेताना ‘हे येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. ओढ आलेली असताना लांब प्रार्थनेला बसू नका. डोळे मिटून अर्धा तास खर्ऱ्याशीच झगडत बसाल आणि उठल्यावर थकून ठेला गाठाल. लांब प्रार्थना सकाळी करा, मन शांत असताना.

तोंडाला चाळा लागतो. भाजलेली बडीशेप, ओवा, जवस, ज्येष्ठमधाची काडी, आवळकाठी चालेल. हंगाम असेल तर संत्र्याच्या फोडी. सुगंधी सुपारी, मीठा पान, ‘बिना तंबाखूचा’ मसाला यातले काहीही नको. टपरीवरचा चहा काही दिवस घरी प्या, कारण वहीत तुम्हीच लिहिले आहे की चहानंतर काय होते.

‘खर्रा टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार इतकी सर्रास असते की पुष्कळ जण केवळ त्यापायी चौथ्या दिवशी परत फिरतात. सकाळी कोमट पाणी, रात्री पाण्यासोबत इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि ठरल्या वेळी पाच मिनिटे बसणे. आतड्याला नवी वेळ लागायला थोडे दिवस जातात, पण लागते.

रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज कुठे अवघड गेले, आणि आज कोणी मदत केली. ‘मी नालायक आहे’ असले वाक्य लिहिले गेले तर खोडा. ती प्रार्थनाही नाही आणि माहितीही नाही.

## टप्पा ६: मोकळी झालेली जागा भरा

अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडलेले, सजवलेले आणि रिकामे. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो (मत्तय १२:४३-४५). तीन महिने खर्रा सुटला आणि मग अचानक दारू सुरू झाली, अशी माणसे पाहिली की या दाखल्यातले ‘रिकामे’ फार खरे वाटते.

वहीतली सर्वांत जड वेळ घ्या, बहुधा संध्याकाळी सहा ते आठ, आणि तिथे नावगाव असलेले काम ठेवा. ‘चांगल्या गोष्टीत मन रमवीन’ हे काम नव्हे. ‘मंगळवार-शुक्रवार क्वायरची तालीम, बाकीचे दिवस सेमिनरी हिल्सवर चालणे’ हे काम. आठवड्यातून एकदा मेडिकलमध्ये भंडारा, गोंदियाहून आलेल्या, वऱ्हांड्यात चादर टाकून बसलेल्या नातेवाइकांना डबा नेऊन द्या आणि त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसा. दुसऱ्याची चिंता ऐकताना स्वतःची ओढ विसरली जाते.

एक मर्यादा पाळा. पहिल्या काही महिन्यांत दुसऱ्या पिणाऱ्याला सोडवायला एकटे जाऊ नका, आणि संडे स्कूल किंवा तरुण संघाचे पद स्वीकारू नका. मंडळी उत्साहाने देऊ करते, आणि मग घसरल्यावर पदही लपवायला लावते.

## घरच्यांसाठी, मधेच

करुणा म्हणजे झाकून घेणे नव्हे. त्याच्या ऑफिसला ‘ताप आहे’ म्हणून खोटा फोन करू नका. रोख पैसे देऊ नका, किराणा भरून द्या. सट्ट्याचे कर्ज दागिने मोडून एकदम फेडू नका, कारण कर्ज शून्य झालेला जुगारी पुन्हा खेळायला मोकळा होतो. उधळ्या पुत्राचा बाप त्याला दुरून पाहून धावत गेला हे खरे, पण दूरदेशी त्याला पैसे पाठवत राहिल्याचे कुठे लिहिलेले नाही (लूक १५). माफ केले म्हणून एटीएम कार्ड त्याच दिवशी परत द्यायचे नसते.

टोमणे मात्र बंद करा. ‘बघू किती दिवस टिकते’ हे वाक्य घरात कोणीही, सासूबाईंनीही, म्हणू नये.

सावधान: मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडीला ११२. ‘क्षमा करून तिथेच राहा’ असा सल्ला कोणी दिला, मग तो पाळक का असेना, तर तो ऐकू नका.

## टप्पा ७: घसरलात तर पहिले चोवीस तास

पुष्कळ जण घसरतात. एका पुडीने फारसे बिघडत नाही, पुडीनंतरच्या लपवण्याने बिघडते.

त्याच दिवशी, रात्री नऊची वाट न बघता, सोबत्याला फोन करा. उरलेले भिजवून फेका. वहीत वेळ, जागा, सोबत आणि कारण लिहा, टप्पा १ सारखेच. पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा. सोमवार, एक तारीख, पुढचे प्रभुभोजन अशी वाट बघू नका, तेवढ्या दिवसांत एकाच्या तीस होतात. दारूवाला चार-पाच दिवस सलग प्यायला असेल तर थांबताना पुन्हा डॉक्टर लागेल. मागच्या वेळी सुखरूप सुटली म्हणून या वेळीही सुटेल असे नसते.

नीतिमान सात वेळा पडतो तरी पुन्हा उठतो (नीतिसूत्रे २४:१६). आणि पेत्राला समुद्रकाठी भेटल्यावर येशूने आधी न्याहारी दिली, मग तीनदा प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले (योहान २१). ‘तू नाकारलेस’ असे एकदाही म्हटले नाही. सोबत्याने त्या फोनवर असेच वागावे: जेवलास का, काय झाले, उद्या सकाळी काय करायचे.

सावधान: घसरल्यानंतरच्या शरमेत ‘मी नसलेलाच बरा’ असे कोणी बोलले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, १४४१६ वर बोला, गरज वाटल्यास मेडिकलला न्या.

## टप्पा ८: देणे फेडा

जकातदार जक्कयाने येशूसमोर ‘मला पश्चात्ताप झाला’ एवढ्यावर थांबवले नाही, आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतले असेल त्याला चौपट (लूक १९:८). तुम्ही चौपट नाही दिले तरी यादी करा. कोणाचे किती, कधीपर्यंत. पुड्यांचे वाचलेले पैसे डब्यात साठवा आणि लहान देणी आधी मिटवा. माफी मागताना कारणे जोडू नका.

यात एक खुबी आहे. सत्य सांगितल्याने तिसऱ्याच माणसाचे घर मोडणार असेल तर परस्पर जाऊन सांगू नका, आधी सोबत्याशी किंवा फादरशी बोला. स्वतःचे मन हलके करायला दुसऱ्याच्या दारात ओझे टाकून येणे ही भरपाई नव्हे.

## टप्पा ९: आता साक्ष

घाई नको. सहा महिने, दारूच्या बाबतीत वर्ष, एवढे तरी जाऊ द्या. पाळकांनी आधीच माइक पुढे केला तर ‘अजून नाही, पास्टर’ म्हणायला हरकत नाही. एकदाही न बोललात तरी चालते.

बोलायचे ठरले तर पाच मिनिटे पुरेत. बायकोला विचारल्याशिवाय तिचे हाल सांगू नका, ते तिचे आहेत. ठेल्याचे, मित्रांचे नाव घेऊ नका. किती प्यायचो, कसा प्यायचो याचे रंगवून वर्णन नको, समोरच्या बाकावर कालच सोडलेला कोणी बसलेला असतो. ‘प्रभूने एका क्षणात ओढ काढून टाकली’ असे झाले नसेल तर तसे म्हणू नका. डॉक्टरकडे गेलो होतो, गोळ्या घेतल्या, गम चावला, मधे दोनदा घसरलो, हे नक्की सांगा. ते ऐकूनच कोणीतरी उपासनेनंतर सायकल स्टँडजवळ तुम्हाला गाठेल आणि हळूच विचारेल की मेडिकलमध्ये नेमके कुठे जायचे. त्याला खोली क्रमांक सांगून सोडून देऊ नका. सोमवारी सकाळी किती वाजता निघायचे ते तिथेच ठरवा, आणि सोबत जा.